मोजले कुणी?

आमच्या घराण्यात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकले आणि अकरावीला हौसेने विज्ञान शाखा घेतली. तिथे सारेच इंग्रजीत! रसायनशास्त्राच्या तासाला 'मोल' हा शब्द आला की माझ्या डोळ्यांपुढे आईची मोलमजुरी उभी राही. फळा भरे, पुसला जाई. हात वर करण्याचा धीर मात्र कधी झाला नाही. बारावीला काठावर उत्तीर्ण झाले आणि कला शाखेत आले.

यंदा धाकटा भाऊ अकरावी विज्ञानाला आहे. त्याच्या बाई धडा चित्रफितीतून आधीच मोबाईलवर पाठवतात आणि वर्गात गणिते सोडवून घेतात. याला 'उलटा वर्ग' म्हणतात. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात जोनाथन बर्गमन आणि ॲरन सॅम्स या रसायनशास्त्राच्याच दोन शिक्षकांनी २००७ साली, गैरहजर राहणाऱ्या मुलांसाठी आपले पाठ मुद्रित करायला सुरुवात केली. धडा ऐकताना नव्हे, तर गणित अडते तेव्हा मुलांना शिक्षक हवा असतो, हे त्यांनी ओळखले. ज्यांच्या घरी इंटरनेट नव्हते, त्यांना ते पाठांच्या डीव्हीडी देत.

आमच्या घरी मोबाईल एकच. तो वडिलांबरोबर रात्री नऊला येतो. म्हणजे धडाही नऊलाच येतो! चित्रफितीतले इंग्रजी भावाला अडले, म्हणून तोच धडा मी मराठीत लिहून काढला आणि माझ्या आवाजात मुद्रित करू लागले. "बारा केळी म्हणजे एक डझन. तसे ६ च्या पुढे २३ शून्ये मांडली की जवळपास जी संख्या होते, तेवढे कण म्हणजे एक मोल. अठरा ग्रॅम पाण्यात, म्हणजे जेमतेम चार चमच्यांत, इतके रेणू असतात."

आई भाकरी थापत होती. म्हणाली, "येवढ्याशा पान्यात येवढे? आन् मोजले कुनी?"

मला उत्तर येईना. दोन वर्षे मी ती संख्या घोकली होती. हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता.

दुसऱ्या दिवशी भावाने तो वर्गात विचारला. बाईंनी गणिते बाजूला ठेवली. समान तापमान आणि दाब असताना वायूंच्या समान आकारमानात रेणूही समान असतात, हे ॲव्होगाड्रोने १८११ साली मांडले. पण ते मोजणे त्याला शक्य नव्हते. भरवशाची मोजदाद केली ती विसाव्या शतकाच्या आरंभी झाँ पेरँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने, द्रवातल्या सूक्ष्म कणांचे निरीक्षण करून. १९२६ साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले.

भावाने हे सारे आईला सांगितले. ती म्हणाली, "म्हंजे मोजायलाच शंभर वर्सं गेली की!"

धडा घरी आला म्हणून आईला विचारता आले. वर्गात वेळ उरला म्हणून उत्तर मिळाले. आता भावाचे मित्रही तो मराठी पाठ ऐकतात. त्यातला आईचा प्रश्न मी पुसलेला नाही.