दर दहा वर्षांनी नोटा?

सरळगाव, ता. मुरबाड

चि. वैभव,


घरच्या ग्रुपवर तू टाकलेला मेसेज वाचला. दर दहा वर्षांनी नोटा बदला, असं बाबासाहेबांनी 1923 सालीच सांगून ठेवलंय म्हणे. 2016 च्या नोटाबंदीतही हा मेसेज जोरात फिरत होता.

त्यांचं ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ हे पुस्तक 1923 चं, हे खरं. पण त्यातलं भांडणच वेगळं आहे. रुपये किती पाडायचे हे सरकारच्या मर्जीवर सोडलं की ते वाढत जातात आणि त्यांची किंमत घसरते, ही बाबासाहेबांची तक्रार. टांकसाळ लोकांना बंद आहे तशी सरकारलाही बंद करा, हा त्यांचा उपाय. सरकारचे हात बांधायला निघालेल्या माणसाला मेसेजवाल्यांनी सरकारचाच साक्षीदार केलं!

आणि सरकारचे हात बांधायचे कशासाठी? रुपया घसरला की व्यापारी-मालकांचं साधतं. भाव आधी चढतात, मजुरी मागून रखडत येते. तुमच्या शहापूरकडच्या वीटभट्टीवर जाऊन बघ. कातकरी कुटुंब दिवाळीच्या आसपास उचल घेतं, हजार विटांचा दर तेव्हाच ठरतो. पुढे तेल-तांदूळ कितीही महाग होवोत, पावसाच्या तोंडावर हिशेब होतो तो जुन्याच दराने. नेमकं हेच मेसेजमधून गळालं.

पुस्तकाला प्रस्तावना आहे बाबासाहेबांचे लंडनचे प्राध्यापक एडविन कॅनन यांची. आपलं लेखकाशी पुष्कळ बाबतींत पटत नाही, हे त्यांनी तिथेच लिहिलंय, आणि बाबासाहेबांनी ते छापलंय.

उद्या रिझर्व्ह बँक बाबासाहेबांनी स्थापन केली, असाही मेसेज येईल. खरं एवढंच: चलनासाठी नेमलेल्या हिल्टन यंग आयोगापुढे 1925 साली त्यांनी साक्ष दिली, त्या आयोगाने मध्यवर्ती बँकेची शिफारस केली, बँक 1935 साली सुरू झाली. परीक्षेत विचारलं तर एवढंच लिही. असले मेसेज प्रेमापोटी फिरतात, म्हणून खोडायलाही जीव होत नाही.

शासनाने काढलेल्या बाबासाहेबांच्या इंग्रजी समग्र लेखनाचा सहावा खंड मिळव. पुस्तक जड गेलं तर आधी त्यातलीच ती साक्ष वाच, थोडकी आहे. आणि तो मेसेज आधी ग्रुपवरून काढ बाबा; तुझ्या मावशीने तो आणखी चार ठिकाणी पाठवलाय.

तुझा,
मामा