चिंगीची साखर

‘बाय, चिंगीला माझाच आजार झालाय.’

जानेवारी 2020 मधली गोष्ट. आजीने फोनवर हा बॉम्ब टाकला, तेव्हा मी दादरला मैत्रिणीच्या रूमवर कॉलेजची असाइनमेंट संपवत बसले होते. मला चक्क हसू आलं. आजीला वीस वर्षांपासून डायबेटिस, त्यामुळे तिला जो-तो ‘शुगरवाला’च दिसतो! आणि चिंगी म्हणजे आमच्या रेवसच्या घरातली आठ वर्षांची गावठी कुत्री. कुत्र्यांना कधी डायबेटिस होतो का?

पण आजीकडे पुरावा होता. मुंग्या.

आयुष्यात कधी घर खराब न केलेली चिंगी महिनाभर रात्री पडवीतच लघवी करत होती. आई तिला ओरडायची, बाबांनी तर दोनदा बाहेर बांधून ठेवलं. आजीने मात्र सकाळी पाहिलं, तर त्या जागेवर मुंग्यांची रांग. मग तिने बाकीचा हिशेब जुळवला. पाण्याचं घमेलं दिवसातून तीनदा भरावं लागतंय. खाणं वाढलंय, तरी बरगड्या दिसायला लागल्यात. जवळच्या एका डॉक्टरांनी जंताचं औषध दिलं होतं, त्याने काडीचा फरक पडला नव्हता.

पुढच्या वीकेंडला मी आणि बाबा चिंगीला घेऊन रेवसच्या जेट्टीवरून लाँचमध्ये बसलो. भाऊचा धक्का आणि तिथून टॅक्सीने परळ, बैलघोड्याचं हॉस्पिटल. रिकाम्या पोटी साखर निघाली 412. निरोगी कुत्र्याची साधारण 120 च्या आत असते. लघवीतही साखर. आजी पास, आम्ही सगळे नापास!

डॉक्टरांनी सोप्या भाषेत सांगितलं. रक्तातली साखर 180-200 च्या पुढे गेली की मूत्रपिंडाला ती अडवता येत नाही. ती लघवीतून जाते आणि जाताना पाणी ओढून नेते. म्हणून लघवी जास्त, म्हणून तहान जास्त. पेशींना मात्र साखर मिळतच नाही, त्यामुळे भरपूर खाऊनही कुत्रं वाळतं. म्हणजे ज्या गोष्टीसाठी आम्ही तिला ओरडत होतो, ती तिच्या हातात नव्हतीच.

मग त्यांनी विचारलं, ‘नसबंदी केली नाही का?’

आम्ही दोघं गप्प. ‘मुक्या जनावराला कशाला कापायचं?’ असं बाबा म्हणाले होते आणि मीही मान डोलावली होती. मादी माजावर येऊन गेली की पुढचे काही आठवडे तिच्या शरीरातलं एक हार्मोन इन्सुलिनला काम करू देत नाही. म्हणून नसबंदी न केलेल्या माद्यांना हा आजार जास्त होतो. लवकर लक्षात आलं आणि लगेच ऑपरेशन झालं, तर कधी कधी साखर मूळपदावर येतेही. आम्ही उशीर केला होता. मार्चच्या सुरुवातीला ऑपरेशन झालं, पण इन्सुलिन कायमचं मागे लागलं. गोळ्यांचा पर्याय विचारला, तर डॉक्टर म्हणाले की माणसांच्या गोळ्या कुत्र्यांना सहसा उपयोगी पडत नाहीत. बारा-बारा तासांनी इंजेक्शन, तेही जेवणाबरोबर, रोज.

‘कुत्र्याला कसली इंजेक्शनं? सोडून द्या नाहीतर झोपवून टाका,’ असा सल्ला गावात फुकट मिळत होता. खरं सांगायचं तर बाबाही डळमळले होते. मी मुंबईला, आईला सुईची भीती, मग रोज टोचणार कोण?

‘मी,’ आजी म्हणाली. ‘मला काय नवीन आहे?’

आणि खरंच, सकाळी सातला आधी चिंगीचं भात-मासळीचं मोजून मापून जेवण, मग मानेमागची कातडी चिमटीत धरून टुच्! चिंगीला कळायचंही नाही. दुपारच्या चहाबरोबरची ग्लुकोजची बिस्किटं बंद झाली, चिंगीची आणि आजीचीही. चोरून खाणारी जोडी एकदम शिस्तीत!

तेव्हा मी या विषयावर बरंच वाचत होते. 1889 मध्ये मेरिंग आणि मिन्कोव्स्की यांनी एका कुत्र्याचं स्वादुपिंड काढलं आणि त्याला डायबेटिस झाला, तेव्हा या आजाराचं मूळ सापडलं. 1921 मध्ये टोरांटोत बँटिंग आणि बेस्ट यांनी इन्सुलिनचे प्रयोग केले, तेही कुत्र्यांवरच. जानेवारी 1922 मध्ये लिओनार्ड थॉम्पसन या 14 वर्षांच्या मुलाला ते पहिल्यांदा टोचलं गेलं. हे आजीला सांगितलं, तर ती चिंगीकडे बघत म्हणाली, ‘म्हणजे मीच हिचं देणं लागते.’

लॉकडाऊन लागला आणि मी रेवसला अडकले. फावल्या वेळात इंजेक्शन शिकले. मग मे महिन्यातल्या एका संध्याकाळी मी मोठ्या उत्साहाने डोस दिला. आजीने तो दहा मिनिटांपूर्वीच दिला होता. तासाभरात चिंगीचे पाय लटपटायला लागले, ती भिंतीवर आपटली, मग आडवी पडली आणि थरथरायला लागली. मी नुसती रडत उभी. आजीने मध आणला, बोटाने तिच्या हिरड्यांना चोळला, परत चोळला, आणि मला म्हणाली, ‘रडू नंतर, आधी डॉक्टरला फोन लाव.’ ती रात्र आम्ही तिघी पडवीत जागलो. फोनवर डॉक्टर होते. पहाटे चिंगीने शेपटी हलवली.

दुसऱ्या दिवसापासून भिंतीवरच्या कालनिर्णयवर सकाळ-संध्याकाळ टिक मारायला सुरुवात झाली. टिक नसेल आणि खात्रीही नसेल, तर डोस चुकवायचा, दुसरा टोचायचा नाही.

3 जूनला निसर्ग वादळ आलं. वाडीतली माडं-पोफळी आडवी झाली, वीज गेली ती कितीतरी दिवस आलीच नाही. फ्रिज बंद. आजीने तिची आणि चिंगीची बाटली प्लॅस्टिकच्या डब्यात घालून माठात ठेवली. दोघींचं औषध एकाच माठात.

वर्षभरात मोतीबिंदूने चिंगीची नजर गेली. या आजारात बहुतेक कुत्र्यांची जाते. पण घर तिला पाठ होतं, आम्ही फक्त खाटा हलवल्या नाहीत. 2023 च्या दिवाळीनंतर ती म्हातारपणाने गेली. तीन वर्षं जास्त मिळाली. सोपी होती असं मी म्हणणार नाही. सुट्टी नाही, सहलीला सगळ्यांनी मिळून जाणं नाही. पण मिळाली.

तुमच्या घरात कुत्रा असेल, तर आज ऑफिसमधून गेल्यावर एक करा. त्याचं पाण्याचं भांडं किती वेळा भरावं लागतं, ते घरातल्यांना विचारा. आणि तो घर खराब करत असेल, तर ओरडण्याआधी लघवीची तपासणी करून घ्या.

एवढं लक्षात ठेवा

• तहान, लघवी, भूक वाढणं आणि तरीही वजन घटणं, ही चार मुख्य लक्षणं. पाणी कधीही तोडू नका.

• इन्सुलिन 40 चं असेल तर सिरिंजही 40 चीच हवी. 40 च्या सिरिंजमध्ये 100 चं इन्सुलिन भरलं तर डोस अडीचपट होतो.

• बाटली फ्रिजमध्ये ठेवा, फ्रीझरमध्ये नाही. कुत्रा जेवला नाही, तर टोचण्याआधी डॉक्टरांना विचारा.

• लटपट किंवा झटके दिसले तर हिरड्यांना मध किंवा ग्लुकोज चोळा आणि दवाखाना गाठा. उलट्या, सुस्ती आणि तोंडाला विचित्र गोडसर वास असेल, तरीही थांबू नका.

• ‘शुगर-फ्री’ च्युइंगम किंवा गोळ्या त्याच्यापासून लांब ठेवा. त्यातलं झायलिटॉल कुत्र्यांसाठी विष आहे.