थेम्सची उघाडी



सर्वनामांच्या घटकात आपण ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांतील भेद पाहिला. ऐकणाऱ्याला वगळायचे तर ‘आम्ही’, त्याला सामावून घ्यायचे तर ‘आपण’. हिंदीतील ‘हम’ला हा भेद दाखवता येत नाही, गुजराती तो ‘अमे’ आणि ‘आपणे’ यांनी दाखवते, तमिळ ‘नाङ्गळ्’ आणि ‘नाम्’ यांनी. हे उदाहरण मी जवळजवळ तीस वर्षे फळ्यावर लिहीत आलो आहे. त्याचे वजन मात्र मला एका सहलीच्या अखेरच्या दोन दिवसांत, लंडनमध्ये कळले.

मी मूळचा पेणजवळच्या रामवाडीचा. वडिलांची थोडी भातजमीन खारेपाटात होती. तुमच्यापैकी जे रायगडातील आहेत, त्यांना खारजमीन समजावून सांगण्याची गरज नाही. इतरांसाठी सांगतो: खाडीचे पाणी अडवण्यासाठी मातीचा बांध घालतात आणि त्यात उघाडी ठेवतात. उघाडी म्हणजे झडपेचा दरवाजा. ओहोटीला शेतातील पावसाचे पाणी त्यातून बाहेर जाते. भरती आली की खाडीचेच पाणी दाबून तो दरवाजा मिटवते. बांधाला खांड पडून खारे पाणी आत शिरले, तर पुढची काही वर्षे त्या शेतात भात धड पिकत नाही. एकाच्या बांधाला पडलेली खांड शेजाऱ्याचेही शेत बुडवते.

वडिलांच्या पश्चात वाटणी झाली आणि पुढच्याच पावसाळ्यात खांड पडली, ती नेमकी आम्हा दोघा भावांच्या हद्दीवर. दादा गावी होता, मी पुण्यात नोकरीला. दुरुस्तीचा खर्च कोणाचा, यावर मी वाटणीपत्रातील हद्द दाखवत राहिलो आणि तोवर पाणी आत येत राहिले. चूक माझी अधिक होती, हे आज लिहिणे सोपे आहे. तेव्हापासून दादाच्या बोलण्यात ‘आमचे शेत’ आणि ‘तुमचे शेत’ आले. ‘आपले’ हा शब्द गेला. भांडण असे झालेच नाही. सणावारी जाणेयेणे होते, वहिनी पूर्वीसारखेच वाढत असत. दुसऱ्या कोणाच्या हे ध्यानातही आले नसेल. पण माझा धंदाच सर्वनामांचा, तेव्हा सहा वर्षे मला ते ऐकू येत राहिले.

पुढे मुलांनी आपसांत ठरवून दोन्ही जोडप्यांना युरोपच्या सहलीला पाठवले. बारा दिवस, पस्तीस माणसे, शेवटचा मुक्काम लंडन. अशा सहलीच्या बसमधील मराठीचा कोणीतरी अभ्यास करावा, असे मला मनापासून वाटते. पहिल्या दिवशी ‘आम्ही डोंबिवलीचे’, ‘आम्ही साताऱ्याचे’ असे चालते. आठव्या दिवशी ‘आपली बस’, ‘आपला लाडवांचा डबा’ आणि ‘आपल्यातले एक काका अजून आले नाहीत’ सुरू होते. सहलप्रमुखाचे ‘आपण’ आणखी चतुर. ‘आपण पासपोर्ट खोलीत विसरू नये’ यात आदरार्थी ‘तुम्ही’ही आहे आणि सगळे मिळूनही. दादा मात्र माझ्याशी बोलताना ‘आम्ही’वर ठाम होता. ‘आम्ही मागे बसतो’ म्हणे आणि वहिनींसह मागे जाऊन बसे.

लंडनमधील पहिला दिवस ब्रिटिश म्युझियमचा. एकच मजकूर तीन लिप्यांत कोरलेली रोझेटा शिळा भाषेच्या अभ्यासकाला तीर्थासारखी. मी तिची एक कड पाहिली. उरलेली शिळा लोकांच्या मोबाइलमध्ये दिसली.

शेवटच्या दिवशी वेस्टमिन्स्टरहून ग्रिनिचपर्यंत नौकेने जायचे होते. सगळे पुलांची छायाचित्रे घेत होते. दादा काठाच्या दगडी भिंतीकडे पाहत होता.

“ओहोटी लागलीय,” तो म्हणाला.

भिंतीवर पाण्याची ओली रेघ हातभर वर राहिली होती. पुस्तकी माहिती मग मी पुरवली. समुद्रापासून इतक्या आत असूनही लंडनमध्ये थेम्सला भरती-ओहोटी असते, लंडन ब्रिजपाशी पातळीत सात मीटरपर्यंत फरक पडतो. १९५३ च्या वादळी भरतीत इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर तीनशेहून अधिक माणसे बुडाली. मग वूलिचजवळ नदीत दहा पोलादी दरवाजे उभारले गेले. १९८४ मध्ये त्यांचे उद्घाटन झाले. एरवी ते उघडे असतात, मोठी भरती येणार असली की मिटतात. आमची नौका तेथवर जाणार नव्हती.

“म्हणजे उघाडीच की,” दादा म्हणाला. बराच वेळ तो पाण्याकडे पाहत राहिला. “आपल्या बांधाला धड उघाडी असती, तर खांड पडलीच नसती.”

‘आपल्या’. मित्रहो, हे रूप स्ववाचकही असते हे तुम्ही जाणता. ‘त्याने आपला बांध दुरुस्त केला’ यात ऐकणाऱ्याचा वाटा नाही. शिवाय बोलीत ‘आपण नाही येणार’ म्हणजे केवळ ‘मी नाही येणार’. दादाच्या वाक्यात कोणता अर्थ होता? मी विचारायला नको होते, पण विचारले.

“कोणत्या बांधाला?”

“बांध किती आहेत रे?” तो म्हणाला आणि वहिनींना हाक मारायला वळला.

त्या रात्री जेवणानंतर फोन नंबरांची देवाणघेवाण झाली. गणपतीचे कारखाने पाहायला आपण सगळे पेणला जमू, असेही ठरले. मुंबईच्या विमानतळावर सामानाच्या पट्ट्यापाशी ‘बरं, आम्ही निघतो’ सुरू झाले आणि पस्तीस माणसे पाच मिनिटांत पांगली.

दादाची गाडी आधी आली. बॅगा ठेवून झाल्यावर तो म्हणाला, “मे महिन्यात ये. पावसाआधी माती पडली पाहिजे.”

“येतो,” मी म्हणालो.

पुण्याच्या गाडीत बसल्यावर माझ्या ध्यानात आले, की त्याच्या दोन्ही वाक्यांत सर्वनाम एकही नव्हते.