अर्धा परका

पौषातल्या एका पहाटे, रामकृष्णपुरमच्या सरकारी क्वार्टरात, सौ.ला कळा सुरू झाल्या. तेहेतिसावा आठवडा नुकताच संपला होता. ३७ आठवडे भरण्यापूर्वीचा जन्म तो अकाली. डॉक्टरांनी बाळाची फुप्फुसे पक्की व्हावीत म्हणून इंजेक्शने दिली आणि तिसऱ्या दिवशी मुलगी झाली, वजन १,९०० ग्रॅम.

साताऱ्याहून आईचा फोन आला. "बादल्या उचलल्या असतील तिनं. किती सांगितलं होतं!" रात्री सौ.ने विचारले, "अहो, माझंच चुकलं का?" फायलींवर शेरे मारण्यात आयुष्य चाललेल्या आम्हांस एक ओळही सुचेना.

सकाळी आम्ही डॉक्टरीणबाईंना गाठले. लघवीच्या तपासणीत जंतू निघाले होते. ना ताप, ना जळजळ. कळावे तरी कसे? पुढे आम्ही जमेल तेवढे वाचून काढले. दुसऱ्याच्या कातडीचा तुकडाही शरीर झिडकारते, मग निम्मा पित्याचा असलेला गर्भ आईच्या पोटात नऊ महिने कसा नांदतो, हा प्रश्न पीटर मेडावर यांनी १९५३ साली मांडला. वारेच्या बाहेरील आवरणावर परकेपणाच्या नेहमीच्या खुणाच नसतात, आणि आईच्या रक्तातील काही पेशी बाकीच्यांना आवरून धरतात. दिल्लीत दहा वर्षे काढूनही परकेच राहिलेल्या आम्हांस या सोयीचा किंचित हेवा वाटला!

मात्र जंतू शिरले की पहारेकरी पेशी खवळतात. त्यांच्या संदेशांनी प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये वाढतात, गर्भाशयाचे तोंड मऊ पडते, कळा येतात. दिवस भरल्यावर निघावयाचा हुकूम आधीच निघतो. अर्थात प्रत्येक वेळी कारण सापडतेच असे नाही. म्हणूनच जवळच गुरुग्रामच्या सरकारी रुग्णालयात फरीदाबादच्या शास्त्रज्ञांनी २०१५ पासून 'गर्भिणी' या नावाने हजारो स्त्रियांचा गर्भारपणाच्या आरंभापासून मागोवा घेतला.

हे सारे आम्ही सौ.ला सांगितले. मुलीला उघड्या छातीशी बांधून ती ऐकत होती. ऐकता ऐकता रडली, आणि बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवली.

महिन्याने आई गोवा एक्सप्रेसने आली. तिलाही सर्व समजावले. तिने शांतपणे ऐकून घेतले. दुसऱ्या दिवशी पहाटे पाच वाजता नळ आला, तेव्हा सौ. उठण्यापूर्वीच आईने साऱ्या बादल्या भरून ठेवल्या होत्या.