महाडच्या वाटेवर सापडलेली गळती

२० मार्च जवळ आला की आमच्या वस्तीत महाडची तयारी सुरू होते. यंदा १९ मार्चच्या पहाटे आम्ही आठ जण चेंबूरहून निघालो. गाडी मंडळाची, वर्गणीतून घेतलेली, जुनी. सोबत माझी आई होती. वय सत्तरीच्या पुढे, गुडघे धरलेले. पण चवदार तळे अजून पाहिलेले नव्हते. “औंदा न्हाई तर कधीच न्हाई,” असे ती महिनाभर म्हणत होती.

पनवेल, पेण, वडखळ, नागोठणे, कोलाड अशी गावे मागे पडली. माणगावच्या अलीकडे गाडीत तेलाच्या किटलीचे चिन्ह असलेला लाल दिवा लागला. (हे रायगड जिल्ह्यातले माणगाव. १९२० ची परिषद झाली ते माणगाव कोल्हापूरकडचे.) गाडी चालवणाऱ्या आमच्या भावाने ताबडतोब गाडी कडेला घेऊन इंजिन बंद केले. हे त्याने फार चांगले केले. हा दिवा लागल्यावर “थोडेच राहिले आहे” म्हणून गाडी रेटली, तर तेलावाचून इंजिन जाम होते आणि मग हजारोंचा खर्च बसतो.

दहा मिनिटांनी तेल मोजायची काडी काढून पुसली, पुन्हा घालून पाहिली. तेल खालच्या खुणेच्याही खाली होते. गाडीखाली वाकून पाहिले तर इंजिनाचा तेलाचा चेंबर काळ्या तेलाने माखलेला. रस्त्याने जाणारे एक गृहस्थ थांबले आणि म्हणाले, “गाडीला लिंबू-मिरची नाही बांधली, म्हणून.” आई हसून म्हणाली, “बाबा, लिंबानं तेल थांबत असतं तर गॅरेज कशाला काढली असती?”

डब्यात एक लिटर तेल होते. ते ओतल्यावर दिवा विझला आणि आम्ही हळूहळू माणगावच्या एका गॅरेजपर्यंत पोहोचलो. आमचा भाऊ म्हणाला, “चेंबरचे पॅकिंग गेले, बदलून टाका.” मिस्त्री वयाने तरुण, पण घाई करणारा नव्हता. तो म्हणाला, “साहेब, तेल खाली दिसतंय म्हणून खालीच गळतंय असं नसतं. तेल वरून ओघळतं, वारा त्याला मागं ढकलतो. आधी धुऊन बघू.”

त्याने इंजिन डिझेलने धुतले, फडक्याने कोरडे केले आणि वरपासून खालपर्यंत साधी टाल्कम पावडर भुरभुरली. मग इंजिन चालू ठेवून बॅटरी मारून बघत बसला. थोड्या वेळाने पांढऱ्या पावडरीवर एक काळी रेघ उमटली. ती सुरू झाली होती अगदी वर, टॅपेट कव्हरच्या मागच्या कोपऱ्यातून. चेंबर निर्दोष होता. दुसऱ्याचे पाप त्याच्या अंगावर सांडत होते.

कव्हर काढले. रबरी पॅकिंग वाळून लाकडासारखे कडक झाले होते. नवे आणले, जुन्याचा कण न कण काढून दोन्ही कडा स्वच्छ केल्या, बोल्ट मधून बाहेर थोडे थोडे आवळले. “जास्त आवळलं तर पॅकिंग दबून बाहेर येतं आणि पुन्हा गळतं,” तो म्हणाला. मग त्याने इंजिनातली वाफ बाहेर जाण्याची नळी काढून दाखवली. ती काजळीने तुंबली होती. ती तुंबली की आतला दाब वाढतो आणि जिथे कच्ची जागा सापडेल तिथून तेल बाहेर पडते. ती साफ केली नसती तर नवे पॅकिंगही लवकरच गेले असते.

इथे मला माझी चूक सांगितली पाहिजे. मंडळाचा खजिनदार मीच. गेले चार महिने दर पंधरवड्याला अर्धा लिटर तेल ओतले जात होते आणि मी ते ‘किरकोळ खर्च’ म्हणून लिहीत होतो. जमाखर्च जुळत होता, म्हणून का गळते हे विचारलेच नाही. गॅरेजात बसून बेरीज केली, तर ओतलेल्या तेलाचा खर्च दुरुस्तीच्या बिलापेक्षा जास्त निघाला. लोकांच्या वर्गणीचा पैसा माझ्या सहीने रस्त्यावर सांडला होता.

दुपारी पुढे निघालो. लोणेरे येथे बाबासाहेबांच्या नावाचे तंत्रशास्त्र विद्यापीठ लागले. आई काचेतून बघत राहिली. संध्याकाळी महाडला पोहोचलो. दुसऱ्या दिवशी गर्दीतून वाट काढत आई पायऱ्या उतरली आणि तळ्याच्या पाण्याला हात लावून कितीतरी वेळ उभी राहिली.

मी मात्र त्या काळ्या रेघेचा विचार करत होतो. १९२३ च्या बोले ठरावानंतर महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये तळे कागदावर खुले केले होते. प्रत्यक्षात बंदच राहिले. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी हजारो माणसांसह त्याचे पाणी घेतले. तेव्हा आपल्या लोकांवर हल्ला झाला आणि नंतर तळे ‘शुद्ध’ करण्यात आले. म्हणजे डाग तळ्यावर दिसत होता, पण गळती वरून, धर्मग्रंथाच्या आधारातून येत होती. म्हणूनच त्याच वर्षी २५ डिसेंबरला याच महाडात मनुस्मृतीचे दहन झाले. बाबासाहेबांनी रेघ वरपर्यंत नेली. तळ्यावरचा कायदेशीर हक्क मुंबई उच्च न्यायालयात १९३७ मध्ये मान्य झाला.

बंधू-भगिनींनो, ज्यांच्या घरी, रोजीरोटीला किंवा मंडळात गाडी आहे त्यांनी एवढे करावे. रात्री गाडीखाली जुने वर्तमानपत्र अंथरावे आणि सकाळी डाग पाहावा. आठवड्यातून एकदा, गाडी सपाट जागी उभी करून, तेलाची काडी बघावी. तेल ओतले की तारीख वहीत लिहावी. दुसऱ्यांदा ओतायची वेळ आली तर का, हे विचारावे. आमच्या वहीत आता ‘किरकोळ’ हा रकाना नाही.

जय भीम.