गळ्यातले मडके आणि घरातली भिंत

आमच्या यवतमाळच्या घरात समोरच्या भिंतीवर तथागत आणि बाबासाहेब आहेत, जसे ते आपल्या सगळ्यांच्याच घरी असतात. गेल्या वर्षी मुलाने त्यांच्या शेजारी तिसरे चित्र लावले. कॉलेजातून छापून आणलेले. काळपट माणूस, गळ्यात मडके, कमरेला झाडू. आई भडकली. "हे काहाले लावलं रे? याच्यातूनच तं बाबासाहेबानं सोडवलं आपल्याले. लेकरायनं हे पाहावं का?"

आईचे आम्हाला पटले. खरे सांगायचे तर सोयीचे वाटले. त्याच रविवारी ऑफिसातले सहकारी सहकुटुंब जेवायला येणार होते. आम्ही चित्र काढून कपाटामागे सरकवले. पाहुणे गेल्यावर मुलगा एवढेच म्हणाला, "बाबा, आता लावू?" चौदा एप्रिलला माईकसमोर स्वाभिमानावर बोलणारे आम्ही, गप्प बसलो.

चित्र सवी सावरकर यांचे. आडनावावरून गैरसमज नको. ते नागपूरचे, १९६१ सालचा जन्म, आपल्याच समाजातले. नागपूरला आणि बडोद्याला चित्रकला शिकले. खपणारे विषय पुष्कळ होते, पण त्यांनी अस्पृश्य माणूस धरला, देवदासी धरली, आणि ते सोडले नाहीत. मडके-झाडू ही काही त्यांची कल्पना नव्हे. पेशवाईच्या पुण्यात अस्पृश्याला थुंकीसाठी गळ्यात मडके आणि पाऊलखुणा पुसायला कमरेला झाडू बांधावा लागे, हे बाबासाहेबांनीच १९३६ च्या 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये लिहिले आहे. त्यांनी आपल्याला सोडवले, पण हे झाकून ठेवले नाही.

मुलाच्या त्याच फाईलमध्ये अमेरिकेचा काळा चित्रकार होता, जेकब लॉरेन्स. जन्म १९१७. तो हार्लेम वस्तीत वाढला. बाबासाहेब १९१३ ते १९१६ ज्या कोलंबिया विद्यापीठात शिकले, ते या वस्तीला लागूनच. लॉरेन्स वस्तीतल्याच कलावर्गांत शिकला आणि ग्रंथालयात बसून त्याने आपल्या लोकांचा इतिहास काढला. दक्षिणेतले काळे लोक जुलूम आणि उपासमारीला कंटाळून रेल्वेने उत्तरेच्या शहरांत गेले. त्याचे आईवडीलही त्यांतलेच. १९४१ साली, वयाच्या तेविसाव्या वर्षी, त्याने ही कहाणी साठ चित्रांत पुरी केली. सगळ्या फळ्या एकदम मांडायच्या, एक रंग घ्यायचा, तो सगळ्यांवर लावून झाला की दुसरा. प्रत्येक चित्राखाली साध्या भाषेत ओळ, कामगारालाही कळेल अशी. (आमच्या जयंती मंडळाच्या हिशेबात डीजेचा खर्च दरवर्षी असतो, चित्रकाराच्या नावाने एकदाही नाही. चिटणीस आम्हीच आहोत.)

त्यातले एक चित्र आम्ही आईला दाखवले. उत्तरेतल्या शहरातले हॉटेल. एका बाजूला गोरे, दुसऱ्या बाजूला काळे, मधून पिवळा दोर. गाव सोडले तरी भेदभाव सुटला नाही, असे ते चित्र.

आई बराच वेळ पाहत राहिली. मग म्हणाली, "आमच्याकडे दोर नोयता. कप होता."

पुढचे आम्ही प्रथमच ऐकत होतो. कापूस वेचून आल्यावर गावच्या हॉटेलात आजोबा तिला चहाला न्यायचे. बसायचे बाहेर. आपला कप भिंतीच्या कोनाड्यात वेगळा, त्याला कान नव्हता. चहा वरून ओतायचे. पिऊन झाले की कप आपणच धुवायचा आणि पालथा ठेवायचा. एकदा तिच्या हातून तो फुटला, तर आजोबांनी भरपाई दिली आणि दुसऱ्या दिवशी घरातलाच एक कप त्या कोनाड्यात नेऊन ठेवला.

"इतके दिवस सांगितलं का नाही?" आम्ही विचारले.

"तू तरी कुठं इचारलं?"

मुलाने कपाटामागचे चित्र काढले. कोपरा दुमडला होता, तो सरळ केला. आई उठली आणि भिंतीवर बोट ठेवून जागा दाखवली. "इथं लाव. जरासाक खाली. बाबासाहेबाच्या बरोबरीनं नोको."