आजोबा-नातवाचं झाड

चिनी भाषेत गिंकोला एक जुनं नाव आहे, त्याचा अर्थ ‘आजोबा-नातवाचं झाड’. लावायचं आजोबांनी, बिया खायच्या नातवाने. बीपासून वाढवलेल्या गिंकोला बिया धरायला २०-३० वर्षं सहज लागतात. झाड नर की मादी, हेही बहुतेक तोपर्यंत कळत नाही.

मी बारामतीत दुसऱ्या मजल्यावर भाड्याने राहते. करार अकरा महिन्यांचा. अशा घरात गिंको लावणं म्हणजे विनोदच. तरी मैत्रिणीने हिमालयातून सहा बिया आणल्या, तेव्हा मला नाही म्हणवलं नाही.

ही बी नीट उगवायला आधी हिवाळा लागतो. आपल्याकडे डिसेंबरात पहाटे उसाच्या कडेने गाडीवर गेलं की दात वाजतात, पण तेवढ्याने भागत नाही. म्हणून ओलसर कोकोपीटमध्ये बिया घालून डबा दोन-अडीच महिने फ्रीजमध्ये ठेवला, दह्याच्या पातेल्याशेजारी. दोन उगवल्या. पान पंख्यासारखं. मधली मुख्य शीर नाहीच, प्रत्येक शीर पुढे दोन-दोन फाटे फोडत जाते. या कुळाच्या पानांचे ठसे १७ कोटी वर्षांपूर्वीच्या दगडांत सापडलेत.

मे महिन्यात पारा चाळिशीपार गेला आणि पानांच्या कडा करपल्या. एका डाळिंबवाल्याकडून शेडनेटचा तुकडा आणला. कुंड्या सकाळच्या उन्हाकडे सरकवल्या. पाणी तुंबू नये म्हणून खाली विटांचे तुकडे घातले. रोपं तगली, पण वाढ बोटभरच.

एक कुंडी घेऊन इंदापूरला आजीकडे गेले. आजी मूळची पळसदेवची. उजनीचं पाणी चढलं आणि जुनं गाव त्याखाली गेलं. तिच्या सासऱ्यांनी दारात लावलेली चिंचही गेली. धरण खूप आटलं की पळसनाथाच्या देवळाचं शिखर वर येतं, लोक फोटो काढायला जातात. आजीही एकदा गेली होती. देऊळ बघून झाल्यावर ती चिंचेची जागा शोधत राहिली. नुसता गाळ होता.

मी तिला हिरोशिमाचं सांगितलं. ६ ऑगस्ट १९४५ला बॉम्ब पडला. तिथून एक-दोन किलोमीटरवरची काही गिंको झाडं होरपळली आणि पुन्हा फुटली. ती आजही उभी आहेत.

आजी म्हणाली, “अगं पोरी, बॉम्ब पडला तरी जिमीन जाग्यावर ऱ्हायली ना? आमची जिमीनच गेली.”

यावर मला काही बोलता आलं नाही. इतके दिवस मी झाडाचा चिवटपणा मोजत होते, जागेचा विचारच केला नव्हता.

निघताना आजीने कुंडी ठेवून घेतली. कडुनिंबाच्या सावलीत, गोठ्याच्या भिंतीला लागून. “हिथं कुणी उठवत न्हाय त्याला,” म्हणाली. बिया कोण खाणार, हे तिने विचारलं नाही. शेजारी तिने एक चिंचोकाही पुरला. तो आठवड्याभरात वर आला.

दुसरी कुंडी माझ्याकडे आहे. करार संपायला चार महिने उरलेत.